सेमिनरीत आहात म्हणजे फादर होणारच असं नाही

मुलगा सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, गेला की वसईच्या पट्ट्यात त्याचं नावच बदलतं. कालपर्यंत केळीच्या बागेत बापाला हात लावायला कुरकुरणारा पोरगा नाताळच्या सुट्टीत घरी येतो तो 'ब्रदर' होऊनच. नंदाखाल असो, गास असो की उत्तनचा कोळीवाडा, मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर चर्चच्या आवारात हमखास प्रश्न येतो, "ब्रदर, आता किती वर्षं राहिली?" किती राहिली, एवढंच विचारतात. राहायचं की नाही, हे कुणी विचारत नाही. गुरुदीक्षेचा, म्हणजे तो धर्मगुरू होईल त्या विधीचा, बॅनर गावाने मनातल्या मनात छापून ठेवलेला असतो, तारीख तेवढी टाकायची बाकी.

ही पोस्ट त्या न विचारलेल्या प्रश्नाची आहे. कॅथलिक चर्चच्याच नियमांप्रमाणे सेमिनरीतली वर्षं शिकण्याची तशी पारखण्याचीही असतात. चर्च मुलाला पारखतं आणि मुलगा स्वतःला. पहिली पारख होते, तिची व्यवस्था आहे. दुसरी बहुतेकांची अर्धवट राहते. 'प्रार्थना कर, देव दाखवील' एवढ्यावर विषय संपतो. देव दाखवील हो, पण बघायचं कुठे, कधी आणि किती वेळ, हेही कुणीतरी सांगायला हवं.

पाचारण, म्हणजे देवाची हाक, म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे पांढरा झगा येतो. पहिलं काम म्हणजे या शब्दाची फोड करणं. धर्मप्रांतीय, म्हणजे एका बिशपांच्या इलाख्याचा, धर्मगुरू होणं वेगळं आणि येशूसंघ (जेझुइट), फ्रान्सिस्कन, सालेशियन अशा एखाद्या संघात जाणं वेगळं. धर्मप्रांतीय धर्मगुरू ब्रह्मचर्याचं आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतो. दारिद्र्याचं व्रत तो घेत नाही, त्याचं स्वतःचं बँक खातं असतं, आणि डीकन (धर्मगुरूच्या आधीची पायरी) होतो त्या दिवसापासून तो त्या धर्मप्रांताशी बांधला जातो. संघातला माणूस दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेतो, आणि संघ पाठवील तिकडे ट्रंक उचलतो. संघात गुरुदीक्षा न घेता जन्मभर ब्रदर राहणारेही असतात. त्यांना 'फादर होता आलं नाही वाटतं' म्हणणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत, पण तो रस्ता मुळातच निराळा आहे. शिवाय लग्न झालेल्या, पस्तिशी गाठलेल्या माणसाला पत्नीच्या संमतीने कायमस्वरूपी डीकन होता येतं. मुंबई महाधर्मप्रांतात असे डीकन आहेत.

याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. संत गोन्सालो गार्सिया वसईचे. लहानपणी जेझुइटांकडे शिकले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथे भाषा शिकून धर्मशिक्षक म्हणून वर्षानुवर्षं काम केलं. संघात घेतील ही आशा होती, पण घेतलं नाही. मग मकावमध्ये व्यापार केला, बरा चालला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन झाले, तेही धर्मगुरू म्हणून नाही, साधे ब्रदर म्हणून. १५९३ मध्ये दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये ते संत जाहीर झाले. त्यांच्या सणाला आपण फटाके लावतो, पण एका संघाने नाकारलेला, धंद्यात पडलेला आणि शेवटपर्यंत गुरुदीक्षा न घेतलेला माणूस आपला पहिला संत आहे, ही गोष्ट प्रवचनात फारशी येत नाही. यायला हवी, विशेषतः सेमिनरीतली मुलं समोर बसलेली असताना.

धर्मप्रांतीय धर्मगुरूच व्हायचं असेल, तर 'कुठला धर्मप्रांत' हाही पारखण्याचाच भाग. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईतून वेगळा झाला. इथे वस्ती दाट, धर्मग्राम (एकेका चर्चचा परिसर) एकमेकांना खेटून, रविवारी चर्च भरलेलं. सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये पुण्यातून वेगळा झाला, त्याचं केंद्र सावंतवाडी. तिथे ख्रिस्ती घरं विखुरलेली, एका धर्मगुरूची कितीतरी गावं, आणि पावसात घाटाखालच्या रस्त्यांची जी गत होते ती सगळ्यांना ठाऊक आहे. भरलेल्या चर्चपुढे बोलताना येणारं समाधान आणि दहा माणसांच्या मिस्सासाठी मोटरसायकलवरून भिजत जाण्यातलं समाधान ही एकच वस्तू आहे असं गृहीत धरू नका. दोन्हीकडे महिना-पंधरा दिवस राहून बघा. सुट्टीत तशी परवानगी मागता येते, सहसा मिळतेही.

थांबायच्या जागा

वाट लांब आहे. सुरुवातीचं तयारीचं वर्ष (२०१६ च्या व्हॅटिकनच्या मार्गदर्शिकेप्रमाणे एक वर्षाहून कमी नाही, दोनहून जास्त नाही), मग तत्त्वज्ञान, मग बहुतेक ठिकाणी रिजन्सीचं, म्हणजे सेमिनरीबाहेर प्रत्यक्ष कामाचं, वर्ष, मग ईशज्ञान (थिऑलॉजी). कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, २५०व्या कलमाप्रमाणे तत्त्वज्ञान किमान दोन पूर्ण वर्षं आणि ईशज्ञान चार पूर्ण वर्षं. गोरेगावचं सेंट पायस असो, पुण्याची पेपल सेमिनरी असो की गोव्यातलं राशोल, सांगाडा साधारण हाच.

त्यात खऱ्या थांबायच्या जागा थोड्या आहेत, आणि त्या आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवाव्यात. पहिली तयारीच्या वर्षाच्या शेवटी. दुसरी रिजन्सी संपताना. तिसरी उमेदवारीचा विधी होतो, म्हणजे चर्च तुम्हाला दीक्षेचा उमेदवार म्हणून जाहीरपणे स्वीकारतं तेव्हा. चौथी, सगळ्यात मोठी, डीकन होण्याआधी. डीकन होईपर्यंत बाहेर पडणं म्हणजे रेक्टर (सेमिनरीचे प्रमुख) आणि बिशप यांच्याशी बोलून, सामान बांधून घरी येणं, बस. डीकन झाल्यावर मात्र ब्रह्मचर्याचं वचन दिलेलं असतं आणि त्यातून सूट फक्त पोपच देऊ शकतात. डीकनसाठी वय किमान २३, धर्मगुरूसाठी २५, आणि दोन्हींत किमान सहा महिन्यांचं अंतर. 'डीकन होऊन बघू, नाही जमलं तर बघू' असं म्हणणारे असतात. दार एका बाजूनेच उघडतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

संघात असाल तर हिशेब वेगळा. नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा तयारीचा काळ, किमान बारा महिने. तात्पुरती व्रतं किमान तीन वर्षांची, साधारण सहा वर्षांपर्यंत, फार तर नऊ. मुदत संपली की कुणाचीही परवानगी न घेता बाहेर पडता येतं. मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात विचार सुरू करू नका, निदान सहा महिने आधी करा.

कुणाला काय सांगायचं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

सेमिनरीत दोन वेगळी माणसं असतात आणि त्यांची कामं मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात. रेक्टर निर्णय घेतात. तुम्हाला पुढे पाठवायचं की नाही, बिशपांना काय लिहायचं, हे त्यांचं काम. आध्यात्मिक मार्गदर्शक तुमचं मन ऐकतात. कॅनन लॉचं २४०वं कलम स्पष्ट सांगतं, की एखाद्याला दीक्षेला घ्यावं की काढावं हे ठरवताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचं आणि पापनिवेदन ऐकणाऱ्याचं मत कधीही विचारायचं नाही. ९८५वं कलम म्हणतं, विद्यार्थी स्वतःहून एखाद्या वेळी मागत नसेल, तर त्याच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं पापनिवेदन रेक्टरने ऐकायचं नाही. मार्गदर्शकापुढे माणसाने न घाबरता तोंड उघडावं, त्यासाठीच ही सोय आहे.

तरी मुलं उलटं करतात. रेक्टरपुढे जाऊन मनातलं सगळं ओततात, कारण रेक्टर समोर दिसतात आणि विचारतात. मग ते ऐकलेलं विसरू शकत नाहीत, त्यांना ते निर्णयात धरावंच लागतं. आणि मार्गदर्शकाकडे महिन्यातून एकदा जाऊन 'सगळं ठीक आहे फादर, प्रार्थना जरा कमी होते' एवढं सांगून दहा मिनिटांत बाहेर. असं दोन वर्षं चाललं तर मार्गदर्शक असून नसल्यासारखा.

साधी वाटणी अशी. वागणं, अभ्यास, तब्येत, घरची अडचण, शिस्तीतली चूक हे रेक्टरला माहीत असायला हवं, लपवू नका. मनाची ओढ, भीती, कुणाबद्दल वाटणारं आकर्षण, देवावरची शंका, 'मी इथे का आहे' हा प्रश्न, हे मार्गदर्शकाकडे. भेट पंधरा दिवसांतून एकदा, पाऊण तास. जाताना वही घेऊन जा, तिच्याबद्दल खाली लिहिलंय. नेमलेल्या मार्गदर्शकाशी सूर जुळत नसेल, तर बिशपांनी या कामासाठी नेमलेल्या दुसऱ्या धर्मगुरूंकडे जाण्याचं स्वातंत्र्य २३९वं कलम देतं. त्यात कुणाचा अपमान नाही.

मानसशास्त्रीय चाचणी हल्ली बहुतेक ठिकाणी असते. २०१६ ची मार्गदर्शिका सांगते, की ती मुलाच्या लेखी, समजून दिलेल्या संमतीनेच व्हावी. सही करण्याआधी अहवाल कोण कोण वाचणार हे विचारून घ्या. विचारणाऱ्याला कुणी उद्धट म्हणत नाही.

आणि एक गोष्ट पाचारणाच्या खात्यात टाकूच नका. कुणी अंगाशी लगट करत असेल, धमकावत असेल, पैशाची किंवा गुपिताची भीती घालत असेल, तर ती 'देव घेत असलेली परीक्षा' नाही. तो गुन्हा आहे आणि त्याची लेखी तक्रार करायची असते. तसंच दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, सकाळी उठवत नाही, तर आधी डॉक्टर. तिथे जपमाळ आणि गोळी दोन्ही चालतात.

वही

येशूसंघाचे संस्थापक इग्नाती लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. त्यातल्या मनाची पारख करण्याच्या नियमांवर सेमिनरीत आजही भर असतो, पण ते नियम परीक्षेपुरते पाठ होतात आणि राहतात. रोज वापरायचे तर असे.

रात्री झोपण्याआधी पंधरा मिनिटं. आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमा, उद्याचा निश्चय, असे आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे. आपल्याकडे तिसरा आणि चौथा टप्पा एकत्र कालवून दिवसाची उजळणी म्हणजे पापांची यादी होऊन बसते. ती यादी वेगळी. इथे शोधायचं ते असं, की आज मन कुठे ओलं झालं आणि कुठे कोरडं पडलं. वहीत तीन ओळी पुरतात. काय घडलं, त्या वेळी काय वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं काय उरलं. ही तिसरी ओळ दुसऱ्या दिवशीच लिहायची. बहुतेक जण तीच गाळतात, आणि खरं मोल तिचंच आहे.

समजा कुणाच्या तरी चाळिसाव्याला ब्रदरने चार शब्द बोलले, लोकांनी वाहवा केली. त्या वेळी वाटलं, हेच माझं काम. रात्री मन सोबतच्या मुलाशी तुलना करू लागलं, सकाळी उरली चिडचिड. उलट एखाद्या दुपारी पाचूबंदरला अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीजवळ तासभर बसला, ती काही बोललीही नाही, वास होता, उकाडा होता. त्या वेळी खास काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशीही मन निवांत होतं. सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही बघा, असा इग्नातींचा नियम आहे. सुरुवात गोड आणि शेवट कडू असेल तर ओढ कुठून येते त्याचा संशय घ्यायचा. एका नोंदीवरून काही ठरत नाही. चाळीस-पन्नास नोंदी झाल्या की एक रेघ दिसू लागते.

दुसरा नियम वसईच्या माणसाला समजावून सांगायला नको. मन कोरडं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ लागलं म्हणून कुणी विहीर बुजवत नाही, पावसापर्यंत थांबतो. तसंच जूनपासूनचे पहिले सहा आठवडे, परीक्षेनंतरचा आठवडा, रेक्टरशी वाजलं ती रात्र, बहिणीच्या लग्नाहून परतल्यानंतरचे दिवस, या काळात बॅग भरायची नाही. अशा वेळी प्रार्थनेची वेळ उलट थोडी वाढवायची, असं इग्नाती सांगतात. कोरडेपणाची कारणं ते तीन देतात. आपलीच हयगय, आपली परीक्षा, किंवा ओलावा आपल्या कमाईचा नाही हे कळावं म्हणून. पहिलं कारण आधी तपासा, दहातल्या सातांदा तेच निघतं, असं आमचं मत. पण नियमाला दुसरी बाजूही आहे, ती सांगायची राहून जाते. उमाळ्याच्या भरात नवं वचनही द्यायचं नाही. दहा दिवसांच्या तपसाधनेच्या (रिट्रीटच्या) शेवटच्या रात्री डोळे भरलेले असताना 'आयुष्य देवाला दिलं' असं लिहून देणारा मुलगा, आणि रागाने ट्रंक आवळणारा मुलगा, दोघांनाही आठवडाभर थांबवायला हवं.

तिसरा नियम गुपिताचा. जी गोष्ट मार्गदर्शकाला सांगू नये असं फार आतून वाटतं, तीच आधी सांगायची. खोट्या प्रियकराला आपलं बोलणं मुलीच्या बापाच्या कानावर जायला नको असतं, असा दाखला इग्नातींनीच दिलाय.

निर्णयाची वेळ येते तेव्हा मोठा कागद घ्या, चार रकाने आखा. धर्मगुरू झालो तर देवाच्या सेवेला फायदा काय, तोटा काय. नाही झालो तर फायदा काय, तोटा काय. मुलं पहिले दोन रकाने भरतात आणि थांबतात. तिसरा रकाना, 'नाही झालो तर देवाच्या सेवेला फायदा', तिथे पेन चालत नाही, कारण लहानपणापासून त्या बाजूला फक्त तोटा असतो असं ऐकलेलं असतं. तिथे जबरदस्तीने पाच ओळी लिहा. शिक्षक होऊन, वकील होऊन, बागायत सांभाळून, दोन मुलांना चांगलं वाढवून देवाची काय सेवा होईल, याच्या खऱ्या, आकडे घातलेल्या ओळी. त्या कोऱ्या राहिल्या, तर तराजूचं एक पारडं तुम्ही बोटाने दाबून धरलंय.

इग्नाती तीन प्रकारच्या माणसांची गोष्ट सांगतात. त्यातला दुसरा आपल्याकडे भरपूर सापडतो. त्याला सगळं सोडायचंय, पण देवानेच त्याला हवं तिथे यावं अशी त्याची व्यवस्था असते. 'मी फादर होईन, पण कॉलेजात शिकवायला ठेवा.' 'धर्मप्रांताचाच होईन, पण डहाणूकडच्या आदिवासी पाड्यांवर नको.' असं वाक्य स्वतःच्या तोंडून ऐकू आलं की ते त्याच रात्री वहीत, तारखेसकट.

खुणा, खऱ्या आणि खोट्या

तत्त्वज्ञानात पहिला नंबर ही पाचारणाची खूण नाही. हिब्रू आणि ग्रीक चांगलं जमतं याचा अर्थ हिब्रू आणि ग्रीक चांगलं जमतं. एखादी मुलगी आवडली ही पाचारण नसल्याची खूण नाही, पंचविशीतल्या निरोगी माणसाची आहे. तिथे विचारायचं ते हे, की लग्नाशिवायचं आयुष्य तुम्ही कुढत काढाल की माणसांत मिसळून. त्याची तपासणी रविवारच्या मिस्सात होत नाही. रिजन्सीत दुपारी दोन ते चार धर्मगुरूंच्या घरात बसा. आचारी जेवण झाकून गेलेला, फोन शांत, बाहेर ऊन. ते दोन तास तुम्ही कसे घालवता, मोबाइलवर की पुस्तकात, की कुणाच्या तरी घरी जाऊन, की नुसते कडवट होऊन, ते महिनाभर लिहून ठेवा.

रिजन्सीत प्रमुख धर्मगुरूंबरोबर कागदांना बसायची परवानगीही मागा. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, लग्नाआधीची चौकशी, दफनभूमीतल्या जागेवरून भांडणारी दोन भावंडं, शाळेच्या शिपायाचा पगार, पावसाआधी छपराची गळती, लेखापरीक्षकाचा तगादा. प्रवचनाला जेवढा वेळ जातो त्याहून जास्त यात जातो. यात नुसता जीव गुदमरतो की कधीकधी मजाही येते, हे सेमिनरीच्या ग्रंथालयात बसून कळणार नाही.

आईचा नवस हा आपल्याकडचा नाजूक विषय. मूल आजारी होतं, आईने मारिया माऊलीपुढे बोलून ठेवलं, 'वाचव, याला तुला देईन.' मुलगा सेमिनरीत आला आणि सात वर्षं त्याला वाटतं, आपण गेलो तर आईचं वचन मोडेल. चर्चची भूमिका इथे सरळ आहे. दुसऱ्याच्या आयुष्याचं व्रत कुणी घेऊ शकत नाही, व्रत घेणाऱ्यालाच ते बांधतं. १०२६वं कलम म्हणतं, दीक्षा घेणाऱ्याला पूर्ण स्वातंत्र्य हवं, कुणावर कसल्याही कारणाने जबरदस्ती करायची नाही. आईच्या मनाचा भार उतरवायला तिला गावच्या धर्मगुरूंशी बोलायला न्या. हे काम मुलाने एकट्याने करू नये.

उलट बाजूची भीतीही तितकीच खरी. काही मुलं राहतात ती बाहेर काय करणार हे ठाऊक नसल्यामुळे. म्हणून प्रवेशाच्या वेळीच विचारा, की इथलं शिक्षण झाल्यावर विद्यापीठाची पदवी हातात येते की फक्त चर्चची. चर्चची पदवी चर्चच्या जगात चालते, बाहेरच्या नोकरीला तिचा उपयोग होईलच असं नाही. नसेल तर तत्त्वज्ञानाच्या वर्षांतच नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडून किंवा इग्नूकडून बी.ए. किंवा बी.कॉम. सुरू करा. हातात पदवी असलेला मुलगा राहतो तेव्हा राहायचं म्हणून राहतो.

निघायचं ठरलं तर क्रम असा ठेवा. आधी मार्गदर्शक, मग रेक्टर, मग बिशप, मग घर, आणि गाव सगळ्यात शेवटी. व्हॉट्सॲपवर आधी काही नको. घरी सांगायला स्वतः जा, रविवार टाळा, सणाचा आठवडा टाळा. गुणपत्रिका, बाप्तिस्मा व दृढीकरणाचे दाखले, आणि कुठल्या परिस्थितीत निघालात ते सांगणारं रेक्टरचं पत्र सोबत घ्या. पुढे कधी दुसरीकडे प्रवेश मागितलात तर आधीच्या सेमिनरीचं म्हणणं विचारलं जातंच. घरी आल्यावर लोक दोन महिने कुजबुजतात, मग कुणाच्या तरी लग्नाची कुजबुज सुरू होते.

प्रोटेस्टंट बाजूला ब्रह्मचर्याचा प्रश्न नाही, त्यामुळे पारख सोपी असेल असा एक गैरसमज आहे. सेरामपूरच्या बी.डी.ला (प्रोटेस्टंट धर्मशिक्षणाच्या पदवीला) बसलेल्या मुलामुलीला ठरवायचं असतं, की दीक्षित सेवा करायची, शिकवायचं, की संस्थेत काम करायचं, आणि मंडळीने (आपल्या चर्चने) खर्च केलेला असला की मोकळेपणाने विचार करणं तिथेही जड जातं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ मध्ये जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा बंधुसमाज काढला. म्हणजे दीक्षेनंतर तेरा वर्षांनी त्यांच्या कामाचं रूप पुन्हा बदललं.

आता शेवटची कामाची गोष्ट. डीकन होण्याआधी आणि पुन्हा धर्मगुरू होण्याआधी उमेदवाराला १०३६व्या कलमाप्रमाणे एक निवेदन द्यावं लागतं. स्वतःच्या हाताने लिहिलेलं, खाली सही. त्यात असतं, की ही दीक्षा मी स्वखुशीने आणि मोकळ्या मनाने घेतोय, जन्मभर सेवेला वाहून घेईन, आणि मला दीक्षा द्यावी अशी विनंती. त्याशिवाय किमान पाच दिवसांची तपसाधना. बहुतेक मुलं हे निवेदन आदल्या वर्षीच्या मुलाचा नमुना मागून उतरवून काढतात.

ते आत्ताच लिहून बघा, दीक्षा सहा वर्षं लांब असली तरी. दरवर्षी मे महिन्यात, घरी, एकट्याने, कुणालाही न दाखवता, नमुना न बघता. 'स्वखुशीने' लिहिताना पेन अडतो की 'जन्मभर' लिहिताना, की अडतच नाही, ते समासात टिपून ठेवा, वर तारीख टाका. मागच्या वर्षीचं पान शेजारी ठेवून वाचा. जूनमध्ये परत गेल्यावर दोन्ही पानं घेऊन मार्गदर्शकाकडे जा. रेक्टरकडे नको.